रेक्टरकरिता

१

आधी माझ्या रागाबद्दल सांगतो. पुढे जे झालं त्यात त्या रागाचा वाटा किती होता, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

१९५९ सालचा उन्हाळा. मी, उस्मान सोलकर, रत्नागिरीजवळच्या साखरतरचा, कुवेतमध्ये अहमदीला तेलकंपनीत टायपिस्ट होतो. अहमदी हे गावच कंपनीने वाळवंटात उभं केलेलं आणि उभं करतानाच माणसांच्या पायऱ्या पाडून ठेवलेल्या. उत्तरेला टेकाडावर इंग्रज साहेबांचे बंगले, त्यांच्यापुढे बागा. मधल्या ओळींत आम्ही हिंदी-पाकिस्तानी कारकून. दक्षिणेला मजूर. कोण कुठल्या ग्रेडचा, हे त्याच्या दारातलं झाड बघून सांगता यायचं. दक्षिणेकडे झाडच नव्हतं.

साहेबांसाठी एक छोटं चर्च होतं. त्याला लागून कचेरीची खोली. रोज सकाळी मला तिथे पाठवत. चर्चची पत्रं टाइप करायची, बाप्तिस्मा आणि दफनाच्या वह्यांच्या नकला काढायच्या. किल्ली माझ्याकडे असायची. साडेसहाला कुलूप उघडायचं, एसी लावायचा, बाकांवरची धूळ झटकायची. पहिल्या दिवशी बायको, ताहिरा, म्हणाली होती, "चर्चात काम? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना सांग, मशीन कंपनीचं आहे आणि पगारही कंपनीचाच."

तिथे दोन पाद्री होते. वरचे क्रॉफ्टनसाहेब आणि त्यांच्या हाताखालचे टिलीसाहेब. क्रॉफ्टन पन्नाशीचे, उंच, गोरेपान. टिली बासष्ट वर्षांचे, गुडघे दुखणारे, उन्हाने कातडी सोललेले. वयाने मोठा माणूस खाली कसा, असं मी एकदा टिलीसाहेबांना विचारलं. ते हसले आणि चहा पिता पिता त्यांनी मला सगळी उतरंड समजावली.

"जुन्या इंग्लंडात गावच्या पिकाचा दहावा भाग चर्चचा. तो ज्याच्या घरी जायचा तो रेक्टर. धान्य, गवत, लाकूड, मोठं सगळं त्याचं. रेक्टर गावात राहत नसला, तर त्याच्या जागी व्हिकर. व्हिकर म्हणजेच दुसऱ्याच्या जागी बसलेला. त्याला लहानसहान मिळायचं. लोकर, अंडी, मध, फळं."

"म्हणजे नायब," मी म्हटलं.

"नायब! बरोबर." हा शब्द त्यांना माहीत होता. "या दोघांना एकदा नेमलं की जन्मभर कुणी काढू शकत नाही. आणि मग क्युरेट. त्याला पिकातलं काही नाही, ठरलेला पगार. आणि एका पत्राने घरी पाठवता येतं."

आमच्याकडे खोत असायचे, त्यांची मला आठवण झाली. पीक आमच्या घामाचं आणि ढीग त्यांच्या अंगणात. मी विचारलं, "साहेब, तुम्ही किती वर्षं क्युरेट आहात?"

"अडतीस," ते म्हणाले आणि कप धुवायला उठले. स्वतःचाही आणि माझाही.

२

खरं तर कुवेतमध्ये रेक्टर असण्याचं काही कारणच नव्हतं. तिथे ना पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव, ना पीक. कागदोपत्री दोघंही नुसते चॅप्लेन, नोकरीतले पाद्री. पण क्रॉफ्टनसाहेब इंग्लंडात रेक्टर होते आणि तो शब्द त्यांनी सामानाबरोबर आणला होता. दारावरच्या पाटीवर 'रेक्टर'. पत्रांवर 'रेक्टर'. आणि प्रार्थनेच्या वहीत टिलीसाहेबांनी सही कशी करायची, तेही त्यांनी ठरवून दिलं होतं: 'ए. टिली, फॉर द रेक्टर.' रेक्टरकरिता.

मला ते 'फॉर' चांगलं ओळखीचं होतं. पाच वर्षं मी हेडक्लार्कचं सगळं काम करत होतो आणि पत्राखाली लिहीत होतो, हेडक्लार्ककरिता. हेडक्लार्क क्लबात टेनिस खेळत असायचा.

कामंही वाटलेली होती. साहेबांच्या मुलांचे बाप्तिस्मे, साहेबांची लग्नं रेक्टर करणार. मजुरांमधला कुणी ख्रिस्ती मेला तर दफन टिलीसाहेबांकडे. जूनमध्ये मंगफच्या बाजूला एक वेल्डर पडून मेला. दफन सकाळी दहाला होतं. त्या दिवशी तोझ होता. तोझ म्हणजे तिथलं धुळीचं वादळ, आकाश पिवळं होतं आणि नाकात माती बसते. टिलीसाहेबांना दोन दिवस ताप होता. मी स्वतः क्रॉफ्टनसाहेबांना सांगितलं, "सर, आज तुम्ही जाल का? ते आजारी आहेत."

क्रॉफ्टननी वर न बघता म्हटलं, "ते क्युरेटचं काम आहे."

टिलीसाहेब साडेअकराला परत आले. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि चर्चमध्ये गेले. वेदीजवळ दोन खुर्च्या होत्या, उजवीकडे रेक्टरची, डावीकडे क्युरेटची, आणि प्रत्येकीपुढे गुडघे टेकायला एक जाड उशी. मधलं दार अर्धवट उघडं होतं. त्यांनी गुडघे टेकले तसा उशीखालच्या फळीचा आवाज झाला. मी टाइप करत राहिलो. उठण्याचा आवाज झाला नाही. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. प्रार्थनेत आहेत, आपण आत जाणं बरं नव्हे, असं म्हणत मी बसून राहिलो.

गेलो तेव्हा ते तसेच होते. गुडघ्यांवर, कपाळ समोरच्या लाकडाला टेकलेलं. अंग अजून ऊन होतं, पण ते गेले होते.

३

आठवड्याने क्रॉफ्टनसाहेबांनी एक फळा करायला टाकला. सागवानी, सोनेरी अक्षरांचा, आजवरच्या पाद्रींच्या नावांचा. यादी मी टाइप केली. शेवटी टिलीसाहेबांचं नाव घातलं. क्रॉफ्टननी पट्टी ठेवून त्यावर सरळ रेघ मारली.

"सर, तीन वर्षं तेच तर सगळं—"

"सोलकर, क्युरेटची नोंद नसते. तो कुणाच्या तरी वतीने काम करतो. नोंद होते ती ज्याच्या वतीने केलं त्याची. हे तुला कळायला हवं."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. तरी टिलीसाहेबांचं 'यू' मला तुम्ही असं ऐकू यायचं आणि क्रॉफ्टनचं तू.

मी यादी पुन्हा टाइप केली. मशीनच्या कळा इतक्या जोरात मारत होतो की कागदाला भोकं पडली. घरी गेलो तर ताहिरा म्हणाली, "जेवण पुढ्यात आहे आणि तुम्ही ताटाकडे असं काय बघताय, जणू त्यानेच काही केलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडून धूळ झटकत वेदीपाशी गेलो. डावीकडच्या उशीवर दोन ओले डाग होते. गोल, शेजारी शेजारी, मध्ये वीतभर अंतर.

एसीचं पाणी, मी मनात म्हटलं. वर पाहिलं. एसी दुसऱ्या भिंतीत होता. छत कोरडं होतं. उशी उन्हात ठेवली. वाळल्यावर डागांभोवती पांढरी कड राहिली. बोट लावून जिभेला लावलं. खारट.

जुना घाम असेल, ओलीने वर आला असेल. मी ब्रशने घासून काढला. तिसऱ्या दिवशी डाग पुन्हा होते, ताजे. चर्च रात्रभर बंद, किल्ली माझ्या खिशात. दुसरी किल्ली फक्त क्रॉफ्टनसाहेबांकडे.

खरं सांगतो, भीती वाटली नाही. मला वाटलं, बरं झालं.

४

मग वही.

प्रत्येक प्रार्थनेनंतर पाद्रीने वहीत सही करायची असते. रविवारी क्रॉफ्टननी सही केली, 'एच. क्रॉफ्टन, रेक्टर'. मी स्वतः शाई टिपली. सोमवारी सकाळी नकलेसाठी वही उघडली तर सहीपुढे एक शब्द जास्त होता. 'फॉर'. इंग्रजीत तो शब्द आधी येतो आणि माणूस नंतर. पुढे माणूस नव्हता, जागा कोरी होती. रेक्टर, पण कुणाकरिता?

त्या 'एफ'ची शेपटी खाली जाऊन गळासारखी वळली होती. तसा एफ टिलीसाहेब काढायचे. तीन वर्षं मी त्यांच्या अक्षरावरून टाइप केलं होतं, माझी चूक होणं शक्य नव्हतं.

पुढच्या रविवारी क्रॉफ्टननी नवी सही केली. सोमवारी तिच्यापुढेही 'फॉर', आणि आता कोऱ्या जागेत आणखी दोन शब्द. 'फॉर द क्युरेट.'

क्रॉफ्टनसाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर वही उघडी होती.

"हा पोरकटपणा तुझा आहे?"

"नाही सर."

"किल्ली तुझ्याकडे असते. त्या माणसावर तुझा जीव होता. आणि माझ्यावर राग आहे, तो तू लपवतही नाहीस. बस इथे. 'फॉर' वीस वेळा लिही."

शाळेतल्या पोरासारखं बसून मी लिहिलं. कान तापले होते. माझा एफ सरळ काठीसारखा. त्यांनी कागद ओढून घेतला, वहीशेजारी धरला. जुळेना. "तू मुद्दाम वेगळं काढतोयस. हे बघ, हात नैसर्गिक ठेवला की अक्षर असं येतं," असं म्हणत त्यांनी पेन उचलून त्याच कागदावर भराभर तीनदा लिहिलं. फॉर. फॉर. फॉर.

तिन्ही एफना गळासारखी शेपटी.

त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे होतं, कागदाकडे नव्हतं. मी कागद पाहिला. ते रात्री येत असतील का? झोपेत? की सही करतानाच पुढचा शब्द लिहीत असतील आणि त्यांना कळत नसेल, आणि मीही शाई टिपताना पाहिला नसेल? सांगायला हवं होतं. "सर, हे तुम्हीच लिहिताय." एवढंच वाक्य. जिभेवर आलं होतं.

मी सांगितलं नाही. कागद घडी करून टोपलीत टाकला आणि विचारलं, "मी जाऊ, सर?"

५

जुलैत क्रॉफ्टनसाहेब बदलले. आधी कुणाला कळलं नाही. कळलं तेव्हा लोकांनी कौतुक केलं. टिलीच्या मरणाने माणूस नरम झाला, म्हणाले.

ते पायी हिंडू लागले. मजुरांच्या वस्तीत जाऊ लागले. सुलैबियाकडे एक पाइपफिटर मेला, त्याचं दफन त्यांनी भर दुपारी स्वतः केलं. परत आले तेव्हा चेहऱ्याची कातडी सोललेली होती. मी कचेरीत चहा प्यायलो की कप उचलून धुवायचे. एकदा म्हणाले, "सोलकर, तुमचं काम झालं असेल तर बसा जरा." बोलले इंग्रजीतच, पण ते 'यू' मला तुम्ही असं ऐकू आलं आणि पाठीवर काटा आला.

कारण चांगुलपणा माणसात हळूहळू मुरतो. हा मुरलेला दिसत नव्हता. कप धुताना ते नळाखालच्या आपल्या हातांकडे असे बघत, जसं आपण दुसऱ्याचे हात बघतो.

ओले डाग रोज होतेच. आता उजवीकडची उशीही बदलली होती. तिच्यावर ओल नव्हती. ती नुसती दबलेली असायची, खुर्चीची गादीही. मी हाताने थोपटून फुगवायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच खोल.

ताहिराला एवढंच म्हटलं की क्रॉफ्टन भ्रमिष्ट झालाय. ती म्हणाली, "मग डॉक्टरला सांगा ना कुणीतरी. त्याची बायको इथे नाही, मुलं नाहीत. माणूसच आहे ना तोही?"

"त्या म्हाताऱ्याला तापात धुळीत पाठवलं तेव्हा होता का माणूस?"

"तो नव्हता," ती म्हणाली, "म्हणून तुम्हीही नसायचं का?"

मला तिचाही राग आला.

६

ऑगस्टचा पहिला मंगळवार. एकला सगळं बंद झालं. त्या दिवसांत एक ते चार अहमदीत चिटपाखरू नसायचं, फक्त एसींची घरघर आणि लांब गॅसच्या ज्वाळा. मी मशीनवर झाकण घालत होतो, तेवढ्यात क्रॉफ्टनसाहेब दारात आले. पाद्र्याची पांढरी गळपट्टी सुटलेली, ओठ फुटलेले.

"सोलकर, एक विनंती आहे. अर्धा तास थांबाल?"

"कशासाठी?"

ते दार धरून उभे राहिले. "मी आत जाऊन उजवीकडे उभा राहतो. माझ्या जागेवर. मला पक्कं आठवतं की उजवीकडे. आणि उठतो तेव्हा डावीकडून उठतो. मधलं काही माझ्याकडे नसतं." त्यांनी आत बोट दाखवलं. "तुम्ही फक्त समोर बाकावर बसा. मी डावीकडे जायला लागलो की नावाने हाक मारा. माझ्या नावाने. एवढंच. कुणी हाक मारली तर मी थांबेन, असं मला वाटतं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मला काय दिसत होतं? पट्टी ठेवून मारलेली रेघ. ते माझे वीस 'फॉर'. लाकडाला टेकलेलं ते कपाळ.

"माफ करा सर," मी म्हटलं. "ते काम माझ्या ग्रेडमध्ये बसत नाही."

त्यांनी मान हलवली. जणू हे उत्तर त्यांना नियमाप्रमाणे योग्य वाटलं. मग आत गेले. दार मागे अर्धवट राहिलं.

मी घरी गेलो नाही. का ते माहीत नाही. खुर्चीत बसलो. पावलं ऐकली, उजवीकडे गेली. थांबली. मग फरशीवर बूट घासत नेल्यासारखा आवाज, अगदी सावकाश, डावीकडे. फळी वाजली. आता हाक मारायला हवी, हे मला कळत होतं. मी दातांवर दात दाबून बसलो. पाच मिनिटं. दहा.

मग पुटपुट ऐकू आली. क्रॉफ्टनचा आवाज, उत्तरं देत असल्यासारखा. चर्चमध्ये मुख्य पाद्री एक ओळ म्हणतो आणि बाकीचे पुढची म्हणतात. ते फक्त पुढच्या ओळी म्हणत होते. मध्ये, जिथे दुसऱ्याची ओळ यायला हवी, तेवढा वेळ गप्प. गप्प असताना एसीची घरघरही थांबल्यासारखी वाटायची.

उठून दाराच्या फटीतून पाहिलं.

क्रॉफ्टन डावीकडे गुडघ्यांवर होते. दोन्ही हातांत प्रार्थनेचं पुस्तक उघडं, पण स्वतःकडे नव्हे. ते त्यांनी उजवीकडे वळवून, रेक्टरच्या खुर्चीसमोर धरलं होतं, खाली बसलेल्या माणसाला वाचता येईल इतक्या उंचीवर. खुर्ची रिकामी होती. तिची गादी खोल दबलेली होती.

मग मी बघत असताना ती गादी हळूहळू वर आली. बसलेलं कुणी उभं राहावं तशी. क्रॉफ्टननी घाईघाईने पुस्तक मिटलं आणि मान खाली घातली.

मी मागच्या दाराने पळालो. टोपी, डबा, सगळं तिथेच राहिलं.

७

कंपनीच्या डॉक्टरने ऊन लागलं असं लिहिलं. क्रॉफ्टनसाहेबांना इंग्लंडला परत पाठवायचं ठरलं. मोटारीच्या फेरीचा कागद भरायचं काम माझ्याकडेच आलं.

मी ठरवलं होतं, जाण्याआधी माफी मागायची. निदान हाक तरी मारायची. चार रात्री झोपलो नव्हतो. ताहिराला सगळं सांगितलं होतं, आणि तिने माझा सदरा इस्त्री करून दिला होता.

सकाळी आठला चर्चपुढे मोटार उभी होती. ड्रायव्हर यूसुफ मुकादम, श्रीवर्धनचा, माझा चांगला दोस्त. क्रॉफ्टन बॅग घेऊन बाहेर आले. हडकलेले, उन्हाने काळवंडलेले. मी पुढे झालो.

"मिस्टर क्रॉफ्टन," मी म्हटलं. "मिस्टर क्रॉफ्टन. मी सोलकर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी सौम्यपणे. मग ओठांवर बोट ठेवलं. दुसरं कुणी बोलत असताना मध्ये बोलू नये, असं पोराला सांगतात तसं.

मग त्यांनी मोटारीचं मागचं दार उघडलं. स्वतः बसले नाहीत. दार धरून, मान लववून उभे राहिले. एक म्हातारा माणूस सावकाश आत शिरून बसेल, तितका वेळ. मोटार मागच्या बाजूने जराशी खाली बसली. त्यांनी दार अलगद लावलं आणि पुढे, यूसुफच्या शेजारी जाऊन बसले.

यूसुफ आरशात बघत होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. खिडकीतून कागद माझ्याकडे धरून तो पुटपुटला, "उस्मानभाई, पॅसेंजर किती लिहायचे?"

मला वाटलं होतं, या क्षणी माझा राग निवेल. जो आयुष्यभर मागे राहिला तो मागच्या सीटवर बसलाय, आणि ज्याने त्याला राबवलं तो पुढे, नोकराच्या जागी. मला तर हेच हवं होतं. मी मागच्या काचेकडे वळलो आणि पुटपुटलो, "टिलीसाहेब?"

माझ्याशी ते नेहमी बोलायचे. सकाळी माझी, ताहिराची, गावाकडच्या पत्राची विचारपूस केल्याशिवाय त्यांनी कधी काम सुरू केलं नव्हतं. मी थांबलो.

मागच्या काचेवर आतून टकटक झाली. दोनदा, कडक, अंगठी आपटल्यासारखी. चल, उशीर होतोय. माझ्याकरिता नव्हती ती. ड्रायव्हरकरिता होती.

यूसुफने गाडी सुरू केली. क्रॉफ्टननी ओशाळून हात जोडल्यासारखे केले. आणि माझ्या लक्षात आलं की मी दोन पावलं मागे सरून, टाचा जुळवून, मान खाली घातली आहे.